होडीवर जीपीएस मीटर बसवताना, आणि तो रुसल्यावर

मीटर घेण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. जीपीएस मीटर दाखवतो तो वेग जमिनीच्या हिशोबाने असतो, पाण्याच्या नाही. किनाऱ्याच्या हिशोबाने होडी किती पुढे सरकली एवढंच त्याला कळतं. खालचं पाणी स्वतःच वाहत असेल तर तेही त्यात आलंच. हे ज्याला आधी माहीत नसतं तो नंतर महिनाभर चांगल्या मीटरला शिव्या देत बसतो.

आम्ही मालवणजवळच्या देवबागचे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, आणि मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर आमची वाडी. घरची फायबर होडी आहे, मागे बाहेरून लावलेलं चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन, म्हणजे आऊटबोर्ड. सीझनमध्ये पर्यटकांना संगमावर न्यायला, डॉल्फिन दाखवायला ती चालते. होडी दीर चालवतो, वायरिंग माझ्याकडे. माहेरी वडिलांचं रिक्षा-टेम्पोच्या वायरिंगचं गॅरेज होतं, तिथे हात बसला. आता आजूबाजूच्या होड्यांचंही काम येतं. त्यामुळे खाली लिहिलंय ते वीस-पंचवीस फुटी फायबर होडीचं आणि बारा व्होल्टच्या बॅटरीचं. मोठ्या ट्रॉलरचं चोवीस व्होल्टचं गणित वेगळं असतं, त्यात मी पडत नाही.

कुठला घ्यायचा

जुन्या पद्धतीच्या मीटरला होडीच्या मागे पाण्यात एक बारीक नळी सोडलेली असते. होडी चालली की पाण्याचा दाब नळीत शिरतो आणि त्यावर काटा हलतो. खाडीतली वाळू आणि शेवाळ ती नळी बघता बघता बुजवतात. दुसरा प्रकार बुडाला लावलेल्या छोट्या चाकाचा. त्यावर शिंपले धरले की चाक जाम. जीपीएसला पाण्यात काहीच सोडावं लागत नाही, आमच्याकडे हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण.

त्यातही दोन जाती आहेत. एकात अँटेना मीटरच्या पोटातच असतो. दुसऱ्यात दीड-दोन इंची काळी डबी वायरने बाहेर काढलेली असते. फायबर, लाकूड, ताडपत्री यांतून सिग्नल येतो. पत्रा आणि ॲल्युमिनियम तो अडवतात. तुमच्या स्टिअरिंगच्या डोक्यावर ताडपत्रीचं छत असेल तर आतल्या अँटेनाचा मीटर चालतो. पत्र्याचं छत असेल, किंवा वर सोलर पॅनल टाकलं असेल, तर बाहेरची डबी घ्या. दोनशे-चारशे रुपये वाचवायला जाऊन पुढे त्रास होतो.

काट्याचा की आकड्यांचा? मी काट्याचा सांगते. एप्रिलच्या दुपारी पाण्यावरची तिरीप स्वस्त डिजिटल पडद्यावर पडली की आकडे दिसतच नाहीत. काटा मात्र तिरक्या नजरेनेही कळतो. आणि पट्टी बघून घ्या. साठ-सत्तर नॉटपर्यंतचा (नॉट हे होडीच्या वेगाचं माप) मीटर दिसायला रुबाबदार असतो, पण तुमची होडी वीसच्या आतबाहेर पळणारी असेल तर काटा जन्मभर डाव्या कोपऱ्यातच फिरणार. तीस-पस्तीसपर्यंतची पट्टी पुरे.

वाडीतली कॉलेजची मुलं विचारतात, आपली भारतीय उपग्रह यंत्रणा ‘नाविक’ यावर चालेल का. नाविकचे सुरुवातीचे उपग्रह वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर बोलतात, त्यामुळे साध्या जीपीएस चिपला ते ऐकूच येत नाहीत. २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून जीपीएसच्याच घराण्यातली एल-१ फ्रिक्वेन्सी त्यात आली आहे. म्हणून डब्यावर नाविक लिहिलेलं असेल तर चांगलंच, नसेल तर अडत नाही. आकाश उघडं असलं की वेग दाखवायला जीपीएस आणि रशियाची ग्लोनास यंत्रणा पुरेशा होतात.

जागा

अँटेनाची डबी आडवी, सपाट, तोंड आकाशाकडे करून बसवायची. उभ्या फळीला चिकटवलेली डबी मी पाहिली आहे. ती अर्धं आकाश आणि अर्धं पाणी बघत होती. पर्यटक पिशव्या टाकतात, नांगराचा दोर पडतो किंवा कोणी पाय देऊन उभं राहतं अशी जागा टाळा. होडीवर बोलायचा व्हीएचएफ रेडिओ सेट असेल तर त्याच्या अँटेनापासून निदान एक मीटर लांब ठेवा. डबीच्या बुडाला लोहचुंबक असतो, पण फायबरला तो काय चिकटणार? जाड, बाहेरच्या कामाची दुहेरी चिकटपट्टी वापरा, आणि आधी जागा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या. डबीखाली तळहाताएवढा स्टीलचा तुकडा ठेवला तर बऱ्याचदा सिग्नल आणखी सुधारतो. पत्रा वर असला की अडवतो, खाली असला तर मदतच करतो.

मीटरची जागा ठरवताना होकायंत्राकडे बघा. मीटरच्या आत छोटी मोटर असते, आणि वायरमधून करंट जातो. भोक पाडण्याआधी मीटर त्या जागी नुसता हातात धरून चालू-बंद करा. होकायंत्राची सुई जराही हलली तर मीटर लांब सरकवा. सहज होणारी परीक्षा आहे, पण ती कोणी करत नाही.

भोक

बहुतेक मीटर ८५ मिलिमीटर भोकात बसतात. तरीही डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. मीटरचं मागचं नळकांडं स्वतः मोजा, पुठ्ठ्यात तेवढं भोक पाडून मीटर त्यात घालून बघा, मगच होडीला हात लावा. फळीमागे स्टिअरिंगची केबल किंवा आडवी पट्टी येत नाही ना, हेही हात घालून चाचपा.

होलसॉ, म्हणजे गोल भोक पाडायची करवत, लावताना फायबरचा वरचा चकचकीत थर, जेलकोट, टवके उडून खराब होतो. त्यावर उपाय असा: जागेवर मास्किंग टेप लावा, मधलं मार्गदर्शक भोक पाडा, आणि होलसॉ आधी उलटा फिरवा. उलटे दात जेलकोटला घासून एक गोल खाच पाडतात. खाच पडली की सुलटा फिरवून कापा, दाब न देता. काम करताना पूर्ण बाह्यांचे कपडे, मास्क आणि चष्मा घाला. फायबरची भुकटी अंगाला लागली तर चोळू नका, थंड पाण्याने धुवा. चोळलं की रात्रभर खाजवत बसाल.

बऱ्याच होड्यांत फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असतं. भोक पाडल्यावर त्याची कड उघडी पडते. त्या कडेला रेझिनचा हात मारून वाळू द्या. नाहीतर दोन पावसाळ्यांत प्लाय कुजून मीटर हातात येईल.

मीटरची रबरी वॉशर स्वच्छ असेल तर सिलिकॉन लागत नाही. लावायचंच असेल तर लावण्याआधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं, आणि मागची तांब्याची टोकं खातं. बिनवासाचं, न्यूट्रल लिहिलेलं घ्या. मीटरच्या पाठीवर सुईने टोचल्याएवढं भोक असेल तर ते हवेसाठी असतं, त्यावर सिलिकॉन फासू नका.

वायरिंग

काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह सोडा, आणि पेट्रोलची टाकी होडीतून खाली उतरवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाशी साचून राहते. नंतर जोडावरची स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) बसवायला तुम्ही लायटर पेटवणार आहात, हे लक्षात ठेवा.

रिक्षाच्या गॅरेजमधून आलेल्या माणसाचा हात आपोआप बॉडी अर्थ, म्हणजे निगेटिव्हचं काम करणारा गाडीचा पत्रा, शोधतो. एक वायर आणायची, दुसरी जवळच्या बोल्टला आवळायची, झालं. फायबरच्या होडीला बॉडी अर्थ नसतो. स्टिअरिंगच्या बोल्टला लावलेली काळी वायर कधी केबलमधून, कधी ओलसर मिठातून, कसाबसा रस्ता शोधते आणि मीटर चालल्यासारखा वाटतो. पुढे आठवड्याने तो दिवे मिचकवायला लागतो. म्हणून काळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत, किंवा जिथे सगळ्या निगेटिव्ह एकत्र केल्या आहेत त्या पट्टीपर्यंत न्यायची. यात कुठेही सूट नाही.

लाल वायर पॉझिटिव्हला, पण फ्यूजमधून. फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा, मीटरच्या जवळ नाही, कारण तो मुळात वायर जळू नये म्हणून असतो. मीटरला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही, तेव्हा एक किंवा दोन अँपिअरचा फ्यूज बास. दुकानात नव्हता म्हणून रिक्षाचा पंधराचा टाकला तर तो फ्यूज नसल्यातच जमा. तिसरी वायर मीटरमधल्या दिव्याची असते; ती होडीच्या दिव्यांच्या स्विचला जोडा. प्रत्येक कंपनी रंग वेगळे ठेवते, म्हणून डब्यातला कागद वाचल्याशिवाय जोडू नका.

मीटरला स्वतःचा छोटा स्विच द्या. पाणी उपसायच्या पंपाच्या किंवा हॉर्नच्या वायरीवर त्याला लटकवू नका. स्टार्टर मारला की व्होल्टेज पडतं, पंप लागला की पुन्हा पडतं, आणि दर वेळी मीटर मरून परत उठतो.

वायर टिन मारलेल्या तांब्याची घ्या, म्हणजे आतली तार चंदेरी दिसली पाहिजे. महाग असते, पण खाऱ्या हवेत लाल तांबं टिकत नाही. जुन्या होडीची वायर सोलून बघा. टोकाशी हिरवी पूड असतेच, पण काळेपणा आत वीतभर चढलेला असतो, कारण पाणी तारांच्या मधून वर ओढलं जातं. असल्या वायरला नवीन जोड देण्यात अर्थ नाही. चकचकीत तार लागेपर्यंत कापत जा. तोपर्यंत वायर तोकडी पडली तर ती सगळीच बदला.

पीळ देऊन वर टेप मारली की जोड झाला, ही सवय किनाऱ्यावर सोडून या. लग (वायरच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा) लावून क्रिंपिंगच्या पकडीने दाबा, वर आतून डिंक असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा आणि कडेने डिंक बाहेर येईपर्यंत गरम करा. नुसतं सोल्डर करू नका. सोल्डर केलेली वायर तिथे ताठ होते, आणि इंजिनच्या थरथरीने नेमकी त्याच जागी तुटते. वायर मीटरमध्ये शिरण्याआधी तिला खाली थोडा झोल द्या, म्हणजे वायरीवरून वाहत आलेलं पाणी झोलाच्या तळाशी थेंब होऊन पडेल, मीटरमध्ये जाणार नाही.

अँटेनाची बारीक काळी वायर जास्त लांब असेल तरी कापू नका. मोठं सैल वेटोळं करून बांधून ठेवा, बोटाभोवती घट्ट गुंडाळू नका. टोकाचा पितळी आटा हातानेच फिरवा, पकड लावू नका. आणि जुना वायफायचा अँटेना तिथे बसतो असं कोणी सांगितलं तर आटा बसेल, पण मधली पिन नसेल. तो चालणार नाही.

दोरी ओढून सुरू करायच्या छोट्या इंजिनांचा वेगळा इशारा आहे. त्यातल्या बऱ्याच इंजिनांतून दिव्यासाठी निघणारी वायर एसी करंट देते. तिथे थेट मीटर जोडला तर तो जळेल. मल्टिमीटर एसीवर ठेवून तपासा. आकडा आला तर मध्ये एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर-रेग्युलेटर आणि बॅटरी लागणारच. आणि बॅटरीची टोकं सैल ठेवून इंजिन कधीही चालवू नका. बॅटरी मध्येच सुटली की व्होल्टेज उसळतं, आणि त्यात पहिला बळी इलेक्ट्रॉनिक मीटरचा जातो.

पहिली सुरुवात

नवीन मीटर कुठल्यातरी दूरच्या कारखान्यात शेवटचा चालू झालेला असतो. डोक्यावर कुठले उपग्रह आहेत हे त्याला ठाऊक नसतं. जीपीएसच्या सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक पूर्ण उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून पहिल्यांदा चालू करताना होडी उघड्या आकाशाखाली, बांधलेली, थांबलेली हवी. स्विच टाका आणि पाव तास चहा प्या. दर दोन मिनिटांनी बंद-चालू करत बसलात तर तो बिचारा दर वेळी पहिल्यापासून सुरू करतो. एकदा ओळख पटली की पुढे रोज अर्ध्या-एक मिनिटात तयार होतो.

नारळी पौर्णिमेच्या सुमाराला हमखास येणारी तक्रार हीच: ‘मीटर पावसात गेला.’ गेलेला नसतो. होडी महिनोन् महिने पत्र्याच्या शेडमध्ये किंवा ओल्या झापांखाली होती, मीटर बंद होता, उपग्रहांची माहिती शिळी झाली. होडी बाहेर काढा, पाव तास द्या.

मग एकक तपासा. मीटरवरचं बटण दाबून धरलं की नॉट, किलोमीटर, मैल असे पर्याय फिरतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. मोबाइलवर २६ आणि मीटरवर १४ दिसत असेल तर बिघाड काही नाही, मीटर नॉटमध्ये आहे. पर्यटकांना किलोमीटर कळतात, होडी हाकणाऱ्या तांडेलाला नॉट. आमच्याकडे दिराचा शब्द चालतो.

जाताना सतरा, येताना चौदा

मीटर बसवल्याच्या पहिल्याच आठवड्यात दीर घरी येऊन म्हणाला, “वयनी, तुझो मीटर खोटा बोलता. जाताना सतरा, येताना चवदा. इंजिन तेवढाच, माणसां तेवढीच. खरा खयचा?”

मी विचारलं, “सुकती होती?”

“होती.”

“मगे दोनय खरी.”

सुकतीला खाडीचं पाणी समुद्राकडे ओढतं. होडी पाण्यातून साडेपंधरा नॉटने चालली आहे आणि पाणी दीड नॉटने बाहेर जातंय, तर जाताना सतरा आणि येताना चौदा हेच बरोबर. उधाणाच्या दिवसांत हा फरक वाढतो, भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत कमी होतो. होडीचा स्वतःचा वेग हवा असेल तर एकाच सरळ रेषेत, एकाच थ्रॉटलवर, लगोलग दोन्ही दिशांना जा, आणि दोन्ही आकड्यांची बेरीज करून अर्धी करा.

हा आकडा सीझनच्या सुरुवातीला, बुड घासून स्वच्छ असताना वहीत लिहून ठेवा. सोबत किती माणसं होती आणि थ्रॉटल कुठे होता तेही लिहा. डिसेंबरात त्याच परिस्थितीत दीड-दोन नॉट कमी आले तर बुडाला शेवाळ-शिंपले धरले आहेत, किंवा पंख्याचं पातं कुठे खडकाला लागून दुमडलं आहे. मीटरचा खरा पैसा इथे वसूल होतो. कमी वेगात तेवढंच पेट्रोल जाळत आपण आठवडे काढतो आणि कळतही नाही.

वहीतला आकडा बरोबर आहे का, हे मोबाइलवर ताडून बघता येतं. मोबाइल मात्र खिशात नको, उघड्यावर धरा, आणि वेग एक मिनिटभर स्थिर ठेवून मगच तुलना करा. अर्धा-पाऊण नॉट इकडेतिकडे चालतंच.

रुसल्यावर

मीटरला काहीच कळ नाही, काटा हलत नाही, दिवा नाही, अशी स्थिती असेल तर आधी फ्यूज, मग बॅटरीची टोकं, मग मीटरमागची जोडणी. मल्टिमीटर लावताना एक खाचखळगा आहे. वायर मीटरपासून सोडून व्होल्टेज मोजलं तर कुजलेल्या एका तारेतूनही पूर्ण साडेबारा दिसतात, कारण करंट वाहतच नसतो. मीटर जोडलेला आणि चालू असतानाच त्याच्या मागच्या दोन टोकांवर मोजा. बॅटरीवर १२.६ आणि इथे १२.४ असेल तर ठीक. इथे ११ च्या आसपास आले तर मधला एखादा जोड खराब आहे. एवढासा करंट घेणाऱ्या यंत्रापाशी एक-दीड व्होल्ट पडणं म्हणजे तो जोड जवळपास मेलेलाच. लाल बाजू की काळी बाजू, ते शोधायला मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं मीटरच्या काळ्या वायरीवर लावा. तिथे काही मोजण्यासारखं व्होल्टेज आलं तर दोष निगेटिव्हच्या वाटेत. माझ्या अनुभवात तो बहुतेकदा तिथेच असतो.

लाट आपटली की मीटर बंद, पुन्हा चालू? वायर हलवत जा. मीटर चालू ठेवून पॅनलमागची एकेक वायर बोटांनी हळू हलवा, ज्या जोडाला हात लागल्यावर काटा पडेल तोच. वरून टेप अगदी धड दिसते. उलगडली की आत हिरवी पूड भुरभुरते आणि तारेचे दोन-तीन केस तेवढे उरलेले असतात.

स्टार्टर मारताना काटा झटका देऊन शून्यावर येतो आणि मग पुन्हा उपग्रह शोधतो, तर कोणालातरी स्टार्टर मारायला सांगून त्या क्षणाचं व्होल्टेज बघा. दहाच्याही खाली जात असेल तर मीटर रिसेट होणारच. बॅटरी जुनी झाली असेल, किंवा मीटरची लाइन स्टार्टरच्याच वायरीवरून काढली असेल. लाइन वेगळी करा; जमत नसेल तर इंजिन सुरू झाल्यावर मीटरचा स्विच टाकायची सवय लावा. फुकटातला उपाय आहे आणि चालतो.

मीटर चालू आहे, दिवा लागतो, काटा सुरुवातीला एक फेरी मारून खाली येतो, पण वेग दाखवत नाही, म्हणजे करंट आहे, सिग्नल नाही. आधी आकाश बघा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाला लागून होडी उभी केली की तीसेक फुटी भिंत अर्धं आकाश झाकते. तिथे सिग्नल लंगडला तर तक्रार करू नका, शंभर फूट बाहेर येऊन बघा. उघड्यावरही येत नसेल तर अँटेनाचा आटा सोडा, पिन काळी-हिरवी पडली आहे का बघा, स्पिरिटने पुसा.

बाहेरच्या अँटेनाला स्वतःला थोडा करंट लागतो, तो मीटरकडूनच त्या बारीक वायरीतून जातो. अँटेना सोडून, मीटर चालू ठेवून, मीटरच्या आट्याच्या मधल्या टोकावर आणि बाहेरच्या कड्यावर मल्टिमीटर लावा. तीन ते पाच व्होल्ट यायला हवेत. आले तर मीटर शाबूत, अँटेना किंवा त्याची वायर गेली. नाही आले तर मीटर गेला. मल्टिमीटरची दोन टोकं एकमेकांना टेकू देऊ नका, जागा फार अरुंद असते.

आता सगळ्यात चकवणारा बिघाड. तारकर्लीच्या एका होडीवर सकाळी मीटर ठणठणीत, अकरानंतर बंद. मालकाचं म्हणणं, ऊन लागलं की तापतो. वरून गारठलेलं पाणी ओतून बघितलं म्हणे. मी गेले, सगळे स्विच बंद केले, फक्त मीटर ठेवला. सिग्नल आला. मग एकेक चालू करत गेले. दिवे टाकले, ठीक. पंप टाकला, ठीक. पॅनलवर पर्यटकांसाठी यूएसबी चार्जर बसवला होता. त्यात कोणीतरी फोन लावला आणि काही सेकंदांत सिग्नल गेला. फोन काढला, परत आला. स्वस्त चार्जर बाराचे पाच व्होल्ट करताना रेडिओचा गोंगाट करतात, आणि वीस हजार किलोमीटरवरून येणारा जीपीएसचा सिग्नल इतका क्षीण असतो की तो त्यात बुडून जातो. चार्जर अँटेनापासून जेमतेम हातभर अंतरावर होता. अकराला काय होतं? पर्यटकांच्या फोनची बॅटरी संपायला लागते. चार्जर मागच्या बाकाखाली हलवला, त्याच्या दोन वायरी एकमेकींत पिळल्या, आणि तक्रार संपली. स्वस्त एलईडी पट्ट्यासुद्धा हाच उद्योग करतात. रात्री दिवे लावल्यावरच मीटर जात असेल तर संशय त्यांच्यावर घ्या.

होडी नांगरावर उभी आणि मीटर अर्धा नॉट दाखवतोय, हा बिघाड नव्हे. सिग्नलमध्ये बारीक चलबिचल असते, शिवाय नांगरावरची होडी खरोखरच झुलत असते. थ्रॉटल दिल्यावर काटा एक-दोन सेकंद उशिरा उठतो, तोही नाही. काटा थरथरू नये म्हणून मीटर मुद्दाम सरासरी काढून दाखवतो. जुन्या मीटरवर वेग बरोबर पण तारीख वीसेक वर्षं मागची दिसत असेल तर तोही बिघाड नव्हे; जीपीएसचा आठवडे मोजायचा आकडा दर १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो, शेवटचा तसा ६ एप्रिल २०१९ च्या रात्री आला. तारीख विसरा, वेग चालतो.

काचेच्या आत धुकं धरलं असेल तर मीटरचा दिवा एक-दोन दिवस सतत लावून ठेवा; ऊब मिळाली की बाष्प निघून जातं. काचेआड थेंब दिसले, मिठाचा पांढरा पट्टा दिसला, तर पाणी आत शिरलं आहे. उघडून दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नका, त्याचा काटा पुन्हा भरवशाचा होत नाही.

आणि मीटर फक्त वेग सांगतो. मालवण बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली किती खडक आहेत ते त्यात दिसत नाहीत. नवीन पोरं काट्याकडे बघत होडी हाकतात, तेव्हा तांडेलाने खांदा हलवून त्यांची मान वर करावी हे बरं.

पावसाळ्याआधी

होडी वर ओढली की मीटर काढून घरी न्या. काढताना वायरीच्या टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा, प्रत्येक टोक वेगळं गुंडाळून खाली तोंड करून बांधा. अँटेनाच्या आट्यावर प्लॅस्टिकची टोपी चढवा. टोपी हरवली असेल तर स्लीव्हचा तुकडा चालतो. मीटर गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने पुसा, डब्यात तांदळाची पुरचुंडी नको, सिलिका जेलची पाकिटं टाका. कुठली वायर कशाला होती ते कागदावर लिहून डब्यातच ठेवा, कारण ऑगस्टमध्ये मीटर लावायची घाई झालेली असते आणि तेव्हा लावणारा कोणी भलताच असू शकतो.